कर्जमाफीची वाट पाहत हप्ता थांबवावा का?

अमेरिकेतल्या विद्यार्थी-कर्जमाफीच्या बातम्या वाचून बरेच वाचक प्रश्न पाठवत आहेत. काही पत्रं इथल्या पालकांची आहेत, तर काही अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींची. त्यांतल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : बायडेन यांनी विद्यार्थ्यांचं कर्ज माफ केलं, मग कोर्टानं ते रद्द केलं, आणि तरीही लाखो लोकांचं कर्ज माफ झालं, असं सगळंच वाचायला मिळतं. खरं काय? (नाशिक)

तुम्ही वाचलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या एका योजनेच्या नाहीत.

२४ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झाली ती सरसकट माफी. वार्षिक उत्पन्न सव्वा लाख डॉलरच्या आत (जोडप्याचं अडीच लाखांच्या आत) असेल तर १० हजार डॉलर माफ, आणि गरीब विद्यार्थ्यांना मिळणारं पेल अनुदान कधी घेतलं असेल तर २० हजार. अंदाजे खर्च ४० हजार कोटी डॉलर. आधार घेतला होता २००३ च्या हीरोज कायद्याचा. युद्ध किंवा राष्ट्रीय आणीबाणीच्या काळात कर्जाच्या नियमांत ‘सूट किंवा फेरफार’ करण्याचा अधिकार हा कायदा शिक्षणमंत्र्यांना देतो. कोरोना ही तशी आणीबाणी, असं सरकारचं म्हणणं होतं. सहा राज्यं कोर्टात गेली. त्यांतल्या मिसुरीची स्वतःची कर्जवसुली संस्था आहे आणि माफीमुळे तिचं शुल्क बुडणार होतं, म्हणून त्या राज्याला दाद मागण्याचा हक्क आहे असं ठरलं. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ अशा बहुमतानं योजना रद्द केली. एवढी मोठी रक्कम सोडायची तर संसदेनं तसं स्पष्ट सांगायला हवं, असा निकालाचा आशय होता. तोवर सुमारे २ कोटी ६० लाख लोकांनी अर्ज केले होते. त्या योजनेखाली एक डॉलरही माफ झाला नाही.

जी माफी प्रत्यक्षात मिळाली ती कायद्यात आधीपासूनच होती : सार्वजनिक सेवेत दहा वर्षं काढणाऱ्यांना, उत्पन्नाच्या प्रमाणात २० ते २५ वर्षं हप्ते भरणाऱ्यांना, कायमचं अपंगत्व आलेल्यांना आणि कॉलेजनं फसवलेल्यांना. या तरतुदी कागदावर होत्या, पण अंमलबजावणी इतकी वाईट होती की सार्वजनिक सेवेच्या योजनेत सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव अर्ज फेटाळले जात होते. नियम दुरुस्त करून, जुने हप्ते पुन्हा मोजून चार वर्षांत ५० लाखांहून जास्त लोकांना १८ हजार कोटी डॉलरपेक्षा अधिक माफी मंजूर झाली.

प्रश्न : आपल्याकडे शेतकऱ्यांना कर्जमाफी मिळते, उद्योगपतींची कर्जं सोडली जातात. मग शिकणाऱ्या मुलांनीच काय घोडं मारलंय? अमेरिकेत विरोध करणारे नेमकं काय म्हणतात? (लातूर)

आधी एक मूलभूत फरक बघू, कारण तो सुटला की सगळी चर्चा भरकटते. अमेरिकेत २०१० नंतर जवळपास सगळी नवी विद्यार्थी-कर्जं केंद्र सरकार स्वतः देतं. सुमारे ४ कोटी ३० लाख लोकांकडे मिळून १.६ लाख कोटी डॉलरच्या वर येणं आहे आणि ते सरकारचं येणं आहे. तिथे माफी म्हणजे सावकारानं स्वतःची वही फाडणं. आपल्याकडे कर्ज बँकेचं असतं. सरकारनं माफी जाहीर केली तर तेवढी रक्कम अर्थसंकल्पातून काढून बँकेत भरावी लागते. २०१७ आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या बाबतीत तेच झालं. त्यामुळे ‘अमेरिकेनं केलं, आपण का नाही’ ही तुलना पूर्णपणे लागू पडत नाही.

तिथला विरोध तीन अंगांनी होतो. ज्यांनी पोटाला चिमटा काढून कर्ज फेडलं, किंवा कॉलेजला गेलेच नाहीत आणि ट्रक चालवतात, त्यांच्या करातून डॉक्टर-वकिलांचं कर्ज का भरायचं, हा पहिला. पुढे माफी मिळेल असं वाटलं की विद्यार्थी जास्त उचलतात आणि कॉलेजं फी वाढवतात, हा दुसरा. तिसरा मुद्दा अधिकाराचा, म्हणजे संसद की अध्यक्ष. कोर्टात तोच निर्णायक ठरला.

माफीच्या बाजूचे मुद्देही तितकेच भक्कम आहेत, आणि त्यांतला सर्वांत मोठा मुद्दा व्याजाचा आहे. हिशेब करून बघा. कर्ज ६० हजार डॉलर, व्याज साडेसहा टक्के. वर्षाचं व्याज ३,९०० डॉलर, महिन्याचं ३२५. पगार बेताचा असल्यानं उत्पन्नाशी जोडलेला हप्ता २०० डॉलर बसला, तर दर महिन्याला १२५ डॉलर अंगावर चढतात. दहा वर्षं एकही हप्ता न चुकवता २४ हजार डॉलर भरले, तरी देणं ७५ हजार. असे लोक हजारोंनी आहेत. त्यांना ‘थकबाकीदार’ म्हणणं अन्यायाचं आहे, त्यांनी हप्ता चुकवलेलाच नाही.

दुसरा मुद्दा दिवाळखोरीचा. क्रेडिट कार्डाचं, दुकानाचं कर्ज दिवाळखोरीत सुटतं. विद्यार्थी-कर्जावर १९७६ मध्ये बंधन आलं, आणि १९९८ पासून तर कितीही वर्षं झाली तरी ‘असह्य हालअपेष्टा’ कोर्टात सिद्ध केल्याशिवाय ते सुटत नाही. २००५ मध्ये खासगी बँकांच्या शैक्षणिक कर्जांनाही हाच नियम लागला. तिसरा मुद्दा फसवणुकीचा. कॉरिंथियन ही नफ्यासाठी चालवलेली कॉलेजांची साखळी नोकऱ्यांचे खोटे आकडे दाखवून प्रवेश देत होती. २०१५ मध्ये ती बुडाली. तिच्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज सरकारनं २०२२ मध्ये रद्द केलं. ती माफी आम्हाला पूर्णपणे योग्य वाटते. सदोष माल विकला तर पैसे परत मिळायला हवेत.

सरसकट माफीबद्दल मात्र आमचं मत वेगळं आहे. ती आज कर्जात असलेल्यांना सोडवते आणि उद्या प्रवेश घेणाऱ्याला त्याच फीच्या तोंडी देते. व्याज मुद्दलापेक्षा फुगू न देणं, हप्ता कमाईशी बांधणं, दिवाळखोरीचं दार उघडणं आणि फसवलेल्यांना लगेच मोकळं करणं, या चार गोष्टी केल्या तर माफीची वेळच फार थोड्यांवर येईल. पहिल्या दोन गोष्टी ४ जुलै २०२५ च्या नव्या अमेरिकी कायद्यात काही प्रमाणात आल्या आहेत. १ जुलै २०२६ पासूनच्या ‘रॅप’ या योजनेत हप्ता उत्पन्नाच्या १ ते १० टक्के असतो आणि वेळेवर हप्ता भरला की उरलेलं व्याज माफ होतं. ६० हजार डॉलर उत्पन्नाला ५ टक्के, म्हणजे महिन्याला २५० डॉलर. प्रत्येक अवलंबितामागे त्यातून ५० डॉलर वजा. किमान हप्ता १० डॉलर. पण उरलेलं कर्ज माफ होण्यासाठी आता ३० वर्षं थांबावं लागतं. ही मुदत फार लांब आहे. मुलं कॉलेजात जायची वेळ आली तरी आईबापांचं कर्ज चालूच राहील.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, ग्रीन कार्ड आहे. फेडरल कर्ज काढून इथेच शिकले, आता एका रुग्णालयात काम करते. दहा वर्षांनी कर्ज माफ होतं म्हणतात. त्यासाठी काय करावं लागतं?

वर सांगितलेली सार्वजनिक सेवेची माफी ती हीच. तिला पीएसएलएफ (पब्लिक सर्व्हिस लोन फर्गिव्हनेस) म्हणतात. २००७ च्या कायद्यानं ती आली. अट आहे १२० पात्र हप्त्यांची, आणि ते सलग असण्याची गरज नाही. पण हप्ता पात्र ठरायला चार गोष्टी एकाच महिन्यात जुळाव्या लागतात आणि बहुतेकांचं गाडं त्यांतल्याच एकीवर अडतं.

कर्जाचा प्रकार. फक्त ‘डायरेक्ट’ कर्ज चालतं. एफएफईएल किंवा पर्किन्स या आता बंद झालेल्या जुन्या प्रकारचं कर्ज असेल तर ते आधी डायरेक्ट कर्जात एकत्र करावं लागतं. खासगी बँकेचं कर्ज चालत नाही. कमी व्याजाच्या मोहानं फेडरल कर्ज खासगी कंपनीकडे वळवलंत, तर ही वाट कायमची बंद होते. परत येता येत नाही.

मालक. सरकार किंवा, बहुतेक बाबतीत, ५०१(सी)(३) (अमेरिकी करकायद्यातला धर्मादाय) दर्जाची ना-नफा संस्था हवी. तुम्ही काम कुठे करता यापेक्षा पगार कोण देतं ते महत्त्वाचं. रुग्णालय ना-नफा असेल पण तुमच्या डब्ल्यू-२ वर (मालकाकडून दरवर्षी मिळणाऱ्या पगार-कराच्या पत्रकावर) एखाद्या नफ्याच्या स्टाफिंग कंपनीचा नंबर असेल, तर महिने मोजले जात नाहीत. (कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये राज्याच्या कायद्यामुळे रुग्णालयांना डॉक्टर थेट नोकरीवर ठेवता येत नाहीत, त्या डॉक्टरांसाठी अपवाद आहे.) डब्ल्यू-२ वरचा नऊ अंकी मालक-क्रमांक शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावरच्या शोध-साधनात टाका, पात्र आहे की नाही ते लगेच कळतं.

तास. आठवड्याला सरासरी ३०. दोन पात्र नोकऱ्यांचे मिळून भरले तरी चालतात.

हप्त्याची योजना. दहा वर्षांची ‘स्टँडर्ड’ योजना पात्र आहे, पण तिच्यात १२० हप्ते भरले की कर्जच संपतं, माफ व्हायला काही उरत नाही. म्हणून उत्पन्नाशी जोडलेली योजना घ्यावी. ‘सेव्ह’ या बायडेन यांच्या काळातल्या, उत्पन्नाशी जोडलेल्या योजनेत नाव असेल तर तिथे राहू नका. ती कोर्टानं थांबवली, नव्या कायद्यानं मोडीत काढली, आणि तिच्या स्थगितीचे महिने १२० मध्ये धरले जात नाहीत. आयबीआर (उत्पन्नाशी जोडलेली जुनी योजना) किंवा वर सांगितलेल्या रॅपमध्ये जा. १ जुलै २०२६ नंतर घेतलेल्या कर्जाला जुन्या योजना मिळत नाहीत, आणि त्या तारखेनंतर एकत्रीकरण केलं तर तेही नवं कर्ज धरलं जातं. तेव्हा एकत्रीकरणाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी दहादा विचार करा.

सगळ्यांत महत्त्वाचं, दहा वर्षं थांबून एकदम अर्ज करू नका. दर वर्षी, आणि नोकरी बदलताना शेवटच्या आठवड्यातच, मालकाच्या सहीचा पीएसएलएफ फॉर्म भरा. संस्था बंद पडली किंवा विलीन झाली की सही मिळवताना नाकी नऊ येतात. मोजणी आली की तुमच्या हप्त्यांच्या पावत्यांशी ताडून पाहा. पात्र नोकरीत असताना हप्ते स्थगित होते असे महिने पैसे भरून ‘बायबॅक’नं मिळवता येतात, मात्र ते धरून १२० पूर्ण होत असतील तरच.

आणि कराचं विसरू नका. पीएसएलएफच्या माफीवर केंद्रीय आयकर नाही. उत्पन्नाशी जोडलेल्या योजनेत २०–२५ वर्षांनी मिळणारी माफी मात्र १ जानेवारी २०२६ पासून पुन्हा उत्पन्न म्हणून धरली जाते. करमाफीची २०२१ ची तरतूद ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. ४० हजार डॉलर माफ झाले तर त्या वर्षीच्या उत्पन्नात ४० हजार वाढतात. आधीपासून थोडी रक्कम बाजूला टाकायला लागा.

प्रश्न : ‘५०० डॉलर भरा, कर्ज माफ करून देतो’ असे फोन येतात. (टेक्सास)

फोन ठेवा. वरचे सगळे फॉर्म फुकट आहेत. शिक्षण खात्याच्या खात्याचा पासवर्ड दिलात तर ते लोक तुमचा पत्ता आणि ईमेल बदलतात, आणि हप्ता थकल्याची पत्रं तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत एमएस करतोय. इथल्या बँकेकडून ४० लाखांचं कर्ज, घर तारण. तिकडची माफी त्याला मिळेल का? शिकून होईपर्यंत काहीच भरायचं नाही, असं बँकेत सांगितलं. (पुणे)

माफी मिळणार नाही. ती फक्त अमेरिकी सरकारच्या कर्जाला आहे आणि विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना ते कर्ज मिळतच नाही. तुमचं कर्ज भारतीय बँकेचं, त्याला भारतीय नियम.

‘काहीच भरायचं नाही’ हे अर्धसत्य आहे. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. त्या काळात ते सरळव्याज असतं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिसळलं जातं. ४० लाखांवर साडेदहा टक्के दरानं महिन्याला ३५ हजार. दोन वर्षांचा कोर्स आणि वर नोकरी शोधायचं एक वर्ष धरलं तर १२ लाख ६० हजार. (पैसे सत्रागणिक सुटले तर थोडं कमी.) पुढे १२ वर्षांत फेडायचं म्हटलं तर ४० लाखांचा हप्ता साधारण ४९ हजार बसतो आणि ५२ लाख ६० हजारांचा ६४ हजार ४००. महिन्याला १५ हजारांचा फरक, तोही १२ वर्षं! म्हणून जमेल तेवढं व्याज आत्तापासून भरा, ३५ नाही तर १५ हजार भरा. पूर्ण व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका दरात एक टक्क्यापर्यंत सवलत देतात. ती आपोआप मिळत नाही. मंजुरीपत्रात तसं कलम आहे का ते बघा आणि शाखेत लेखी अर्ज द्या.

आयकरात या व्याजावर कलम ८० ई म्हणून ओळखली जाणारी वजावट आहे. व्याज भरायला सुरुवात झाल्यापासून आठ वर्षं, रकमेची मर्यादा नाही. पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते, फक्त व्याजावर मिळते, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे व जो ते भरतो त्याला मिळते. वडील नवी करप्रणाली घेऊन बसले असतील तर फायदा शून्य.

प्रश्न : निवडणुकीत शैक्षणिक कर्ज माफ करू असं सांगितलं जातं. तोवर हप्ते थांबवले तर? तसंही बँका कर्ज ‘राईट ऑफ’ करतातच. (सोलापूर)

अजिबात थांबवू नका. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे.

राईट ऑफ म्हणजे निर्लेखन. वसूल न झालेलं कर्ज बँक आपल्या ताळेबंदातून काढते. तुमचं देणं तसंच राहतं, वसुली चालू राहते, तारण घरावरचा बोजा उतरत नाही. माफीत देणंच संपतं. वर्तमानपत्रांत दोन्हीला ‘कर्ज सोडलं’ म्हणतात आणि त्यातून लोकांचे गैरसमज होतात.

आश्वासनांबद्दल : २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसच्या जाहीरनाम्यात १५ मार्च २०२४ रोजी थकलेलं शैक्षणिक कर्ज व्याजासह एकदा माफ करण्याचं वचन होतं. तो पक्ष सत्तेवर आला नाही. प्रत्यक्षात काही करून दाखवलं ते केरळनं. २०१७ मध्ये ९०० कोटी रुपयांची परतफेड-साहाय्य योजना आणली, तीही पूर्ण माफीची नव्हती. हप्त्यातला काही हिस्सा सरकार आणि काही कर्जदार, अशी वाटणी होती. आम्हाला हा नमुना सरसकट माफीपेक्षा चांगला वाटतो, कारण त्यात हप्ते भरणाऱ्यालाही काहीतरी मिळतं.

हप्ता थांबवल्यावर काय होतं ते बघा. ३०, ६० आणि ९० दिवसांच्या टप्प्यांवर खात्यावर शिक्के बसत जातात, ९० दिवसांनंतर ते एनपीए, म्हणजे अनुत्पादक (थकीत) खातं होतं. नोंद फक्त मुलाच्या नाही, सहकर्जदार आईवडिलांच्या आणि जामीनदाराच्याही सिबिलवर जाते. तारण असेल तर सरफेसी कायद्याखाली (तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याचा अधिकार बँकेला देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस येते. शिवाय काही सरकारी बँका स्वतःच्या नोकरभरतीत उमेदवारांचा सिबिलही बघतात.

नोकरी खरंच गेली असेल तर ९० दिवस व्हायच्या आत शाखेत जा. मुलाचं राजीनामा किंवा कपातीचं पत्र, सहा महिन्यांचं खातेउतारा आणि ‘पुढचे सहा महिने एवढं भरू शकतो’ असा आकडा लिहिलेला अर्ज न्या. भारतीय बँक संघाच्या नमुना योजनेत बेकारीच्या काळात सहा-सहा महिन्यांची सवलत, कर्जाच्या मुदतीत दोन-तीनदा देण्याची सोय आहे. ती देणं बँकेच्या मर्जीवर आहे, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोचशिक्का घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. वसुली एजंटनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नसतो. केला तर वेळ आणि नंबर लिहून ठेवा, तक्रारीत लागतो.

एकरकमी तडजोड हा शेवटचा उपाय. रक्कम कमी होते, पण सिबिलवर ‘सेटल्ड’ अशी नोंद राहते आणि पुढे गृहकर्ज घेताना ती आडवी येते. तडजोड केलीच तर पैसे भरण्यापूर्वी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घेतल्याशिवाय उठू नका.

प्रश्न : माफी नाही तर नाही, व्याजात तरी काही मिळतं का? मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, उत्पन्न वर्षाला चार लाख. (जळगाव)

मिळतं, आणि तुमच्या उत्पन्नगटाला सर्वांत जास्त. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर कोर्स अधिक एक वर्ष या काळाचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. पीएम-विद्यालक्ष्मी ही नोव्हेंबर २०२४ ला मंजूर झालेली योजना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना तीन टक्के व्याजसवलत देते. १० लाखांवर ती वर्षाला ३० हजार होते. पण ती निवडक नामांकित संस्थांपुरती आणि दर वर्षी एक लाख विद्यार्थ्यांपुरती आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर नाही.

साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला पत-हमी असल्यानं तारण मागितलं जाऊ नये. तारणाशिवाय कर्ज नाकारलं तर नकाराचं कारण लेखी मागा. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला चालू वर्षाचा हवा, जुना दाखला हे अर्ज परत येण्याचं नेहमीचं कारण. दावा बँकेनं पाठवायचा असतो, म्हणून दर वर्षी खातेउताऱ्यात सबसिडी जमा झाली का ते स्वतः तपासा. जमा झाली नसेल तर चढलेलं व्याज पुढे मुद्दलात मिसळतं आणि मग ते सोडवून घेणं अवघड जातं. कोर्स मधेच सोडला तर, आजारपणासारखं कारण नसल्यास, सवलत बंद होते. तुम्ही इतर मागासवर्गीय असाल तर राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. तिचा अर्ज कर्ज मंजूर होण्याआधीच जिल्हा कार्यालयात जाऊन समजून घ्या, म्हणजे कर्जाचे कागद त्या अटींनुसार करून घेता येतात.